दहापैकी दोन

नव्या डॉक्टरांनी वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची कळ मिनिटभर स्वतः सोसायची, मगच औषध लिहायचं, असा मेंदूविकार रुग्णालयाचा नियम होता. सातव्या खाटेवरच्या छबूबाई म्हणाल्या होत्या, "गाल जरासा दुखतो." म्हणून नवी डॉक्टर रेवतीने कागदावर कळेला दहापैकी दोन लिहिलं आणि त्यांच्या डोक्यावरच्या, कळ टिपणाऱ्या पट्ट्याची वायर आपल्या डोक्यावरच्या पट्ट्याला जोडली.

अकराव्या सेकंदाला तिने पट्टा ओरबाडून काढला. दाढेपासून डोळ्यापर्यंत कुणीतरी तापलेली सळई खुपसल्यासारखं झालं होतं. तीच कळ सोसत छबूबाई मात्र मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"मावशी, याला तुम्ही जरासं म्हणता?"

"सोसवतंय की गं पोरी. उगीच कशाला कुणाच्या जिवाला घोर?" असं म्हणत त्या पदराने रेवतीचेच डोळे पुसू लागल्या.

रेवतीने दोनावर काट मारून दहा लिहिलं आणि औषध सुरू केलं. मग व्हरांड्यात येऊन तिने घरी फोन लावला.

"आई, डोकं कसं आहे तुझं?"

"काही नाही गं, जरासं दुखतंय," आई नेहमीसारखीच म्हणाली.

"ते तू नको सांगूस," रेवती म्हणाली. "उद्या पहिल्या एसटीने इकडे ये."