जन्माचा दिवस धरून

वृषालीचं लग्न झालं त्या सालची गोष्ट. मांडव उतरून चार दिवस झाले नाहीत तोच कुशाबाई नातीच्या लग्नातले उरलेले लाडू डब्यात भरून पेठजवळच्या प्रशिक्षण केंद्रावर पुन्हा स्वयंपाकाला हजर झाली.

केंद्रावर तेव्हा परदेशातली नऊ माणसं राहत होती. त्यांच्या देशात लष्कराचं राज्य. माणूस उचलून नेला तर कुठं नेला म्हणून विचारायची सोय नाही. माणसाचे हक्क कोणते आणि ते कुणी तुडवले तर त्याची पक्की नोंद कशी करायची, हे शिकायला ती तीन आठवड्यांसाठी आली होती. देशाचं नाव कुणी घेत नसे. स्वतःची नावंही त्यांनी बाजूला ठेवली होती. त्यातल्या एका मुलीनं टीना हे नाव घेतलं होतं.

शेवटच्या दिवशी कुशाबाई चहाची किटली घेऊन वर्गात शिरली. बाकीचे सामान बांधायला गेले होते. टीना एकटीच कागदापुढे बसली होती. शेजारी शिकवणारा सुदर्शन, कुशाबाईचा पुतण्या.

"काय अडलंय रं?"

"तारीख अडलीय, काकी. हिच्या भावाला पोलिसांनी उचललं. पोलिसांचा कागद म्हणतो, नऊ मार्चला संध्याकाळी त्याला जिवंत सोडलं, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. आणि ही म्हणते, सोडलाच नाही, एका पहाटे त्याचा मुडदाच दारात टाकून गेले. पण तारीख कुठली, ते हिला सांगता येत नाही. डोंगरात लपून राहत होती तेव्हा. ना फोन, ना कॅलेंडर."

"मग?"

"मग काय! आज हा तक्रारीचा अर्ज इथून मानवी हक्क समितीकडे पाठवायचा आहे. बिनतारखेचा गेला तर पोलिसांचाच कागद खरा."

कुशाबाईनं किटली खाली ठेवली आणि बाकावर ऐसपैस बसली.

"माजी जन्मतारीख तरी कुनाला ठावं व्हती? चुलत्याच्या लग्नात मी रांगत व्हते, त्यावरनं काढली. तिला इचार, डोंगरातनं घरी कशापायी आली व्हती?"

सुदर्शननं विचारलं. टीना जरा अडखळत बोलली. तो मराठीत सांगू लागला, "भावाला मुलगी झाली होती. तिचं नाव ठेवायला ही एका रात्रीपुरती आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मुडदा टाकायला गाडी आली."

"बारसंच की! आन हे आत्ता सांगती व्हय?"

"ती म्हणते, बायकांच्या कार्यक्रमावरून कुठं तारीख धरतात का?"

"धरत्यात तर! बारशाला आल्याली बाई काय इसरती व्हय? कुनी कुंची आनली, कुनी हात हालवत आली, मरेस्तोवर ध्यानात ऱ्हातं." सुदर्शननं हे सांगितलं तशी टीना त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "पोर जन्मली कवा?"

ते पक्कं होतं. दवाखान्याच्या कार्डावर होतं. दोन मार्च. नाव सातव्या दिवशी ठेवतात.

सुदर्शननं झटकन हिशेब केला. "दोन आणि सात नऊ. नऊला नाव ठेवलं, दहाला पहाटे..." तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. "काकी, दहा म्हणजे पोलिसांचाच कागद खरा होतो. सोडल्यानंतर कुणीतरी मारला म्हणतील."

टीनाला भाषा कळली नाही, चेहरा कळला. तिनं पेन खाली ठेवलं.

"लई शिकलास, सुदर्शन," कुशाबाई म्हणाली. "वृषालीचं बारसं बाराव्या दिशी केलं ते कसं मोजून केलं? जन्माचा दीस धरून का सोडून?"

"धरून."

"मग तिला इचार. त्यांच्यात कसं?"

सुदर्शननं विचारलं. टीनानं उत्तर द्यायच्या ऐवजी दोन्ही हातांची बोटं उघडली. पहिलं बोट मोडलं, आपल्या पोटावर हात ठेवला आणि बाळ हातात घेतल्यासारखं केलं. मग एकेक बोट मोडत गेली. सातवं बोट आठ तारखेवर पडलं.

"आठला नाव," सुदर्शन हळूच म्हणाला. "नऊला पहाटे मुडदा दारात. आणि त्याच दिवशी संध्याकाळी जिवंत सोडला म्हणतात." त्यानं मोबाइलवर ते साल काढून वार बघितला. बुधवार. टीनानं लगेच मान डोलावली. बुधवारच.

"किती बाया व्हत्या बारशाला?"

अकरा. टीनानं अकराही जणींची नावं सांगितली, न थांबता. सुदर्शनला लिहिताना पुरेवाट झाली.

अर्ज पूर्ण झाला, रवाना झाला. टीनाला मात्र त्याचा कागद सोबत नेता येणार नव्हता. विमानतळावर तिची बॅग उलटीपालटी करणार हे ठरलेलं. कुशाबाई उठली आणि पिशवीतून आपली वही घेऊन आली. साठीला अक्षरं शिकली, तेव्हापासून घरात कोण जन्मलं, कोण गेलं ते ती त्या वहीत लिहीत होती. शेवटची ओळ नवऱ्याची, रखमाजीची.

"काकी, ही घरची वही आहे," सुदर्शन म्हणाला.

"मंग? त्यो काय कुनाच्या घरचा न्हाई का? नाव इचार त्याचं. खरं नाव."

टीनानं ते मोठ्यानं सांगितलं. पुन्हा सांगितलं. कुशाबाईनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि रखमाजीच्या खालच्या ओळीत, एकेक अक्षर दाबून लिहिलं:

लिन थू. शाळामास्तर. वय एकोणतीस. मुलीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवार, ९ मार्च २०२२, पहाट व्हायच्या आत मेला.