एकसष्टांचा घोळका

एकसष्ट अणूंचा घोळका सतराव्यांदा फुटला. पुन्हाबाईंनी तो निमूटपणे अठराव्यांदा संगणकावर लावला.

विभागात त्यांना याच नावाने ओळखत. चहात साखर पडली का, हेही बाई दोनदा चाखून बघतात, असं शेजारच्या खोलीतले गणितज्ञ सांगत फिरत.

निष्क्रिय वायूचे अणू म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. कडाक्याच्या थंडीत तेवढे जेमतेम एकमेकांना चिकटतात. त्या घोळक्यावर दोन विद्युतभार ठेवले की ते भार एकमेकांना ढकलतात, आणि घोळका लहान असला तर फुटतो. मग तो टिकायला निदान किती अणू हवेत? याच विभागातल्या एका जुन्या निबंधाने उत्तर दिलं होतं, एकसष्ट. तो आकडा पाठ्यपुस्तकांत गेला होता. येत्या शुक्रवारी त्या निबंधाला मोठा पुरस्कार मिळायचा होता.

आणि आकडा साफ चुकला होता. निबंधात अणू सुरुवातीलाच थरावर थर नीटनेटके रचले होते. त्या काळी संगणकाचा वेळ मोजूनमापून मिळायचा, आणि असं रचलं की काम लवकर उरकायचं. पण रचलेला घोळका थोडा वेळ तग धरतो, इतकंच. बाईंनी अणू विस्कटून सुरुवात केली आणि गणित शंभरपट लांबवलं. मग एकदाही तो टिकला नाही.

विभागप्रमुख खुर्ची ओढून बसले. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग गाडी मुद्द्यावर आली. आकडा चुकला असेल तर असेल, पण ऐन पुरस्काराच्या तोंडावर कशाला? सोमवारी कळवा, कोण अडवतंय?

"तोंडाशी आलेला घास असा काढतात का?" ते म्हणाले. "तीस वर्षांची मेहनत आहे ती."

"चूकही तीस वर्षांचीच आहे," बाई म्हणाल्या.

दुपारी थोरल्या बहिणीने फोनवर फैलावर घेतलं. एवढा हट्ट बरा नव्हे, लोक तोंडात शेण घालतील, सगळं सांगून झालं. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण त्या आकड्यावर भिस्त ठेवून कुठेतरी कुणी विद्यार्थी आपली चार वर्षं घालवत असेल, हे त्यांना सहन होईना.

संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस वेळा घोळका फुटला. बाईंनी पुरस्कार समितीला पत्र लिहिलं, सही केली, आणि पाठवण्याआधी रीत म्हणून प्रमुखांपुढे ठेवलं.

प्रमुखांनी सुस्कारा सोडून चष्मा लावला. पहिलीच ओळ होती, "शुक्रवारचा माझा सत्कार कृपया रद्द करावा."