दैनिकाच्या पायऱ्यांवर

सीताबर्डीतली आमच्या दैनिकाची जुनी इमारत पाडणार असं कळलं, तसे आम्ही निवृत्त पत्रकार पेटून उठलो. व्हरायटी चौकात आजही लोक पत्ता सांगतात तो याच इमारतीवरून. मी प्रताप नगरहून पोचलो तोवर फाटकावर फलक लागला होता : 'वाचक जगला, तर पेपर जगेल.' मजकूर माझाच.

आजकालची पोरं पेपर विकतच घेत नाहीत, असं आमच्या जुन्या संपादकांनी, मुकुंदरावांनी भाषणात ठणकावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पायऱ्यांवर धरणं धरायचं ठरलं. पण पायऱ्यांवर बोटभर धूळ, आणि मुकुंदरावांचा पायजमा कडक इस्त्रीचा.

"आजचा पेपर आहे काय गा कोणाजवळ? खाली अंथराले पायजे," ते म्हणाले.

सगळ्यांनी आपापल्या पिशव्या चाचपल्या. मीही चाचपली, उगाच. घरचा पेपर मी कधीचाच बंद केलाय. रोज सकाळी मुकुंदरावच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकटची पीडीएफ टाकतात.



आमचं बैठं आंदोलन उभ्यानंच पार पडलं.