तांडेलांच्या जिभेची चूक

खाडीकाठच्या खाजणातल्या कोळंबीच्या तळ्याचे पाणी हिराजी तांडेल तीस वर्षे रोज सकाळी चाखत आले होते. विहिरीचे गोडे पाणी त्यात मिसळायचे की नाही, हे त्यांची जीभ ठरवी. आजही त्यांनी ओंजळ ओठांना लावली.

"वासंती, खार चढलाय. विहिरीचा पाट सोड."

"राहू दे, बाबा. या कोळंबीला आता कसलंही पाणी चालतं." मुलीचा स्वर थकलेला होता. तिनेच घडवलेले हे वाण आता समुद्रापासून दूर, लातूरच्या खारट शेततळ्यांत वाढणार होते, आणि म्हणून गरज न उरलेले हे तळे उद्या बुजवले जाणार होते.

"मीठ सोसायचं हे जनुक आणलंस तरी कुठून?"

"तुमच्याच तळ्यातून. एका वर्षी तुम्हाला ताप होता, जिभेला चव नव्हती; खार चढला होता, तरी पाणी ठीक आहे म्हणालात. बाकी सगळी कोळंबी मेली, फक्त सात जगल्या. त्या तुम्ही विकल्या नाहीत. त्यांचाच हा वंश."

कोळंबी मेली त्या दिवसापासून, प्रायश्चित्त म्हणून, हिराजींनी कोळंबी तोंडाला लावली नव्हती.

"मग आज हिचं कालवण कर," ते म्हणाले. "मीठ किती, ते मी सांगीन."