बाथरूमची कडी

लेकीच्या बाथरूमची आतली कडी तिसऱ्यांदा निखळली, म्हणून जावयाने मलाच बोलावलं. "सासरेबुवा सुतार असताना बाहेरचा माणूस कशाला?" असं म्हणत तो हसला आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर जाऊन बसला.

लेक माझ्या हातात एकेक हत्यार देत होती. बाहेर खुर्ची करकरली की तिचा हात जागीच थांबायचा. मी चौकट चाचपून पाहिली. लाकूड कुठेही कुजलं नव्हतं. स्क्रू मात्र मुळासकट उपटून आले होते, आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बुटाचा ठसा होता.

माझं टाळकंच सरकलं. "बघतोच त्याच्याकडे," म्हणत मी उठलो.

तिने माझं मनगट घट्ट धरलं. 

"नको बाबा. तुम्ही निघून जाल, मला इथंच राहायचंय. फक्त या वेळी लांब स्क्रू लावा." मग बाहेरचा एकदा कानोसा घेऊन ती कुजबुजली, "आईच्या दाराची कडी तुमच्या लाथेने निखळली की दुसऱ्या दिवशी तुम्हीच बसवायचात ना, तेव्हा स्क्रू आखूडच लावायचात."