केबिनमधला दुसरा

"बोला, कुणाचं काय बिघडलंय?" मुकादमानं साखळीला हात लावून विचारलं.

लोखंड ओतायच्या त्या फाउंड्रीत रोज काम सुरू होण्याआधी सगळे असे क्रेनच्या लोंबत्या साखळीला हात लावून उभे राहत. अडचण सकाळी सांगितली तर सगळ्यांची, दुपारी उघडी पडली तर एकट्याची, असा मुकादमाचा नियम. क्रेन चालवणाऱ्या मामांचा केबिनमधला जोडीदार गेल्यापासूनचा. त्याला डोळ्यांनी दगा दिला होता, पण पठ्ठ्यानं ब्रसुद्धा काढला नाही. वितळल्या लोखंडाची बादली खांबावर आदळली. क्रेनची केबिन पेटली, आत तोही.

आता नव्या केबिनमध्ये मामा एकटेच बसत.

"भट्टी नुसती धुमसतेय," भट्टीवाला म्हणाला. "आमच्या बायकोसारखी. कारण काही सांगत नाही."

"विचारलंत का कधी?" फिटरताईनं टोला हाणला. सगळे हसले.

"मामा, तुमचं?"

"आपलं झकास!"

झकास नव्हतं. उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. क्रेनचा दांडा धरलाय की सुटलाय, कळत नव्हतं. पण सांगितलं की केबिन सुटणार, आणि घरी भिंतींशिवाय बोलायला कुणी नव्हतं.

शिवाय वर आपण एकटे नाही, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. पूर्वी रेड्यासारखा अडणारा दांडा हल्ली लोण्यातून फिरावा तसा फिरे. कधी कधी हात पोचण्याआधीच क्रेन हले. एकदा तर त्यांना डुलकी लागली. दचकून पाहतात तो बादली साच्यावर अलगद टेकलेली! खाली फिटरताई नेहमीसारखी एप्रनच्या खिशात हात घालून वर बघत होती.

मामांच्या अंगावर काटा आला. "तूच ना रे?" त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेला विचारलं.

उतरल्यावर त्यांनी उगाच विषय काढला. "ताई, खिशात एवढं काय जपतेस गं?"

"तुमचा जीव, मामा," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या रात्री मामांना झोप आली नाही. मेलेल्या माणसावर किती भरवसा टाकायचा? एखाद्या दिवशी तो आलाच नाही तर? खाली ही सगळी आपलीच माणसं.

सकाळी त्यांनी साखळी घट्ट धरली.

"मुकादम, माझा हात गेलाय. बरेच दिवस लपवलं. क्रेन मी चालवतच नाही." त्यांनी वर केबिनकडे पाहिलं. "तो चालवतो."

कुणी हसलं नाही. भट्टीवाल्यानं मान खाली घातली.

"आता आपली पाळी," मुकादम फिटरताईला हळूच म्हणाला. "आपणही हे आधीच एखाद्या सकाळी सांगायला हवं होतं."

फिटरताईनं खिशातून हात काढला. तळहातावर बटणांची छोटी डबी होती. तिनं एक बटण दाबलं.

मामांच्या मुठीतून साखळी निसटली, आणि वर रिकाम्या केबिनसकट क्रेन चालू लागली.