रिलेतली चौथी

हसू नका! देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

उन्हाळी स्पर्धावाल्यांनी माझ्या नातीच्या, शर्वरीच्या, पोहण्याच्या दोन शर्यती एकाच दिवशी नऊलाच लावल्या. एक गावातल्या टँकवर, दुसरी आमच्या कॉलनीतल्या. ती गावात गेली. इकडे रिलेतल्या तिच्या तीन मैत्रिणी रडायला लागल्या, कारण चौथी नसेल तर टीम बाद.

"रडताय काय? मी आहे ना!" विहिरीत भोपळा बांधून शिकलेलं पोहणं कुणी विसरतं का? सुनेची लेगिंग चढवली, नातीची जादा टोपी आणि गॉगल घातला, आणि रांगेत उभी राहिले.

"ही कितवीला?" पंचांनी विचारलं.

"सातवी झालीये," पोरी म्हणाल्या. खरंच आहे, सातवीनंतरच मी शाळा सोडली.

माझी पाळी आली. मी उडी मारली, तसं टँकमधलं अर्धं पाणी काठावर आलं आणि त्या लाटेनं बाकीच्या पोरी मागे गेल्या. पहिला नंबर!

बरं, एवढं एक पदरचं. आम्ही शेवटच्या आलो. पण पोरी म्हणतात, पुढच्या वर्षी शर्वरीला खुशाल गावात जाऊ दे, आम्हाला आजीच हवी.